सॉफ्टवेअर जोडायचंय? आधी तुमची आयटमची यादी दाखवा!



मागच्या व्हिडिओत आपण वेबसाइटवर ऑर्डर कशी घ्यायची ते बघितलं. तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, ऑर्डर आपोआप टॅलीत जायला पाहिजे, स्टॉक आपोआप कमी व्हायला पाहिजे, पेमेंट आपोआप जुळायला पाहिजे. हे करून देणारा एखादा चांगला डेव्हलपर सांगा ना."

डेव्हलपर मिळेल हो. पण आधी मीच तुम्हाला एक प्रश्न विचारतो. तुमची आयटमची यादी दाखवा बरं. मोबाइलमधला फोटो नको, डोक्यातली नको. लिहिलेली, एका जागी, प्रत्येक मालाला एक कोड असलेली यादी. आहे?

दहातल्या आठ जणांकडे नसते, असं मी आकडे मोजून सांगत नाही, पण कार्यशाळेत हा प्रश्न विचारला की जी शांतता पसरते ती मला चांगली ओळखीची झालीय. म्हणून आज माझं मत सरळ सांगतो, पटलं तर घ्या: सॉफ्टवेअर एकमेकांना जोडणं हे डेव्हलपरचं काम आहे, पण काय जोडायचं, कुठल्या नावाने आणि कुठल्या मापात, हे ठरवणं मालकाचं काम आहे. ते काम पैसे देऊन दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

दिवाळीच्या आठवड्यात काय झालं

आमच्या एका बॅचमधल्या ताई मसाले बनवतात. गोडा मसाला, १०० ग्रॅमचं पाकीट, २४ पाकिटांचा एक बॉक्स. घाऊक गिऱ्हाईक बॉक्सने घेतं, म्हणून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॉक बॉक्समध्ये. वेबसाइटवर घरगुती गिऱ्हाईक पाकीट घेतं, म्हणून तिथे नग. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. दोन वर्षं काही अडलं नाही, कारण मध्ये ताई स्वतः होत्या. रात्री बसून पाकिटांचे बॉक्स करून त्या नोंद टाकायच्या.

दिवाळीच्या तोंडावर त्यांनी दोन्ही सॉफ्टवेअर जोडून घेतली. गोदामात २५ बॉक्स, म्हणजे ६०० पाकिटं तयार. पहिलीच मोठी ऑर्डर आली, २४ पाकिटांची. वेबसाइटने निरोप पाठवला: संख्या २४. हिशेबाच्या सॉफ्टवेअरने वाचलं: २४ बॉक्स. एका फटक्यात ५७६ पाकिटं कागदावरून गेली, उरला एक बॉक्स. पुढची ऑर्डर दोन पाकिटांची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी दोन बॉक्स. शिल्लक एकच! झालं, वेबसाइटवर पाटी लागली: "माल संपला".

गोदामात माल रचलेला, बाहेर वर्षातला सगळ्यात मोठा आठवडा, आणि दुकानाला कुलूप. हे चार दिवसांनी कळलं, तेही एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून "ताई, यंदा मसाला केला नाहीत का?" असं विचारलं म्हणून.

डेव्हलपर म्हणाला, "मला कोणी सांगितलंच नाही." ताई म्हणाल्या, "एवढं कळायला नको का?" तुम्ही काय म्हणाल? मी त्या दिवशी ताईंना जे सांगितलं ते त्यांना आवडलं नाही. मी म्हटलं, चूक तुमची. त्या पोराने आयुष्यात मसाल्याचा बॉक्स भरलेला नाही. एका बॉक्समध्ये किती पाकिटं हे जगात फक्त तुम्हाला माहीत होतं, आणि ते तुम्ही कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.

दोन अवघड शब्द, सोप्या भाषेत

डेव्हलपर बोलायला लागला की दोन शब्द येतात. डेटा स्ट्रक्चर आणि एंडपॉइंट. घाबरू नका.

पोस्टात किंवा बँकेत गेलात की काय दिसतं? खिडक्या. एकीवर पैसे भरायचे, दुसरीवर पासबुक, तिसरीवर पत्र. प्रत्येक खिडकीचा वेगळा फॉर्म आणि फॉर्ममध्ये ठरलेले रकाने. एंडपॉइंट म्हणजे ती खिडकी. डेटा स्ट्रक्चर म्हणजे फॉर्मचे रकाने. आणि एपीआय की म्हणजे तुमचं ओळखपत्र, ते दाखवल्याशिवाय खिडकीवरचा माणूस बोलत नाही.

खिडकी उत्तरही देते, आकड्यात. ४०१ म्हणजे ओळखपत्र चालत नाही. ४०४ म्हणजे अशी खिडकीच इथे नाही. ४०० म्हणजे फॉर्म चुकीचा भरलाय. ५०० म्हणजे आत त्यांच्याकडेच काहीतरी बिघडलंय. आणि २०० म्हणजे मिळालं, झालं.

आता नीट लक्ष द्या. ताईंच्या त्या ऑर्डरला उत्तर काय आलं असेल? २००! खिडकीला फक्त एवढंच कळतं की "संख्या" या रकान्यात एक आकडा आहे. तो पाकिटांचा की बॉक्सचा, हे तिला कसं कळणार? डेव्हलपर म्हणतो "सर, टेस्टिंग झालं, सगळं हिरवं आहे", तेव्हा त्याचा अर्थ निरोप पोहोचतोय एवढाच. निरोप खरा आहे का, हे तपासणारा माणूस तुम्हीच.

एका मराठी माणसाने हे १९७२ साली करून दाखवलंय

आपल्या राज्यात वडगाव किती आहेत? पिंपळगाव किती? पत्रावर कोणी मराठीत लिहिणार, कोणी तमिळमध्ये, कोणी इंग्रजीत मनाला येईल ते स्पेलिंग करणार. पत्र जायचं कुठे? यावरचा उपाय म्हणजे पिन कोड. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला आणि तो आणण्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्राच्या दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे कवी. सहा आकडे. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, आपलं महाराष्ट्र आणि गोवा ४ मध्ये. शेवटचे तीन आकडे नेमकं टपाल कार्यालय सांगतात.

बघा, त्यांनी गावांची नावं बदलायला सांगितलं नाही, लोकांना स्पेलिंग शिकवलं नाही. नाव राहू दे तुमचं, पण शेजारी हा आकडा लिहा. नाव माणसासाठी, कोड व्यवस्थेसाठी. तुमच्या आयटमच्या यादीला नेमकं हेच हवंय.

माझ्या हातून गेलेलं गिऱ्हाईक

दुसऱ्याच्या चुका सांगणं सोपं, म्हणून माझी पण सांगतो. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एका व्यापाऱ्याची दोन खाती तयार झाली होती. एक "श्री गणेश" असं, एक नुसतं "गणेश". बिल एकात, पैसे दुसऱ्यात. वर्षअखेरीला यादी काढली तर पहिल्या खात्यावर थकबाकी. मी फोन लावला आणि जरा चढ्या आवाजात बोललो. ते म्हणाले, "साहेब, पैसे दिलेत मी." मी म्हटलं, "कॉम्प्युटर खोटं बोलतो का?"

पुढच्या महिन्यात घोळ सापडला. मी माफी मागायला गेलो, त्यांनी चहा दिला, गोड बोलले. पण ऑर्डर परत कधी आली नाही. पैशांचं नुकसान भरून निघतं हो. "तू मला चोर ठरवलंस" हे भरून निघत नाही. म्हणून मी या विषयावर एवढा तळमळीने बोलतो.

यादीत काय पाहिजे

एक साधी एक्सेल शीट घ्या. खालचे मुद्दे एकेक करून भरा.

१. कोड. प्रत्येक मालाला एकच कोड, आणि एकदा दिलेला कोड दुसऱ्या मालाला पुन्हा द्यायचा नाही, पहिला माल बंद झाला तरी. कोडमध्ये किंमत घालू नका, किंमत बदलते. कोडची सुरुवात शून्याने करू नका, एक्सेल ते शून्य खाऊन टाकतं. बारकोडचे १३ आकडे टाकायचे असतील तर तो रकाना आधी "टेक्स्ट" करा, नाहीतर त्याचं भलतंच रूप दिसायला लागतं.

२. माप. नग, किलो, बॉक्स, डझन. सगळ्यात लहान जे विकता ते मूळ माप धरा, आणि शेजारच्या रकान्यात "एका बॉक्समध्ये किती" हे लिहा. ताईंच्या शीटमध्ये हा एक रकाना असता तर दिवाळी वाचली असती.

३. पैसे. दोन प्रश्न. किंमत करासहित की कराशिवाय? आणि रुपये की पैसे? कर ५ टक्के धरा. वेबसाइटवर १०५ रुपये लिहिलेत, त्यात कर आला. हिशेबाच्या सॉफ्टवेअरने ती मूळ किंमत समजून वर पुन्हा ५ टक्के लावले तर बिल ११०.२५ चं. दुसरं म्हणजे, रेझरपेसारखे पेमेंट गेटवे रक्कम पैशांत घेतात. ५०० रुपये घ्यायचे तर रकान्यात ५०००० जातं. नुसते ५०० पाठवलेत तर गिऱ्हाइकाकडून पाच रुपये येतील आणि खिडकी तरीही २०० म्हणेल!

४. गिऱ्हाईक. नावावरून ओळखू नका, माझं उदाहरण वाचलंत ना? व्यापारी असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक घ्या. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पण एकाच क्रमांकावर त्याची दोन दुकानं असू शकतात, म्हणून तुमचा स्वतःचा पार्टी कोड पण द्या.

५. बिल नंबर आणि तारीख. जीएसटीच्या नियमात बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच वापरलेला असावा लागतो. वेबसाइट एक नंबर देते आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर दुसरा, असं चालणार नाही. नंबर कोण देणार ते ठरवा. तारखेचंही तसंच. ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे? काही परदेशी सॉफ्टवेअर महिना आधी वाचतात.

६. मराठी नावं. आपल्याकडे जुन्या याद्या अजून डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. छापायला त्या छान, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या की नुसती वेडीवाकडी चिन्हं. यादी युनिकोडमध्येच करा.

प्रत्येक रकान्याचा मालक एकच

हे सगळं भरलं तरी एक भानगड उरते. किंमत वेबसाइटवर पण आहे आणि हिशेबात पण आहे. दोन्हीकडे वेगळी झाली तर खरी कुठली? शीटमध्ये प्रत्येक रकान्यापुढे लिहा: "खरं कुठे". स्टॉक हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये खरा, ऑर्डर वेबसाइटवर खरी, पैसे आले की नाही हे गेटवेत खरं. मालक एक, बाकीचे फक्त नक्कल ठेवणारे. दोघांनाही बदल करायची मुभा दिलीत की एका घरात दोन कारभारी झाले, मग भांडणं ठरलेली.

आता डेव्हलपरला विचारायचे प्रश्न

शीट तयार झाली की मग डेव्हलपरला बोलवा. कोडिंग येत नसलं तरी एवढं विचारा.

*खिडकी बंद असेल तर काय?* वेबसाइट चोवीस तास चालू असते. पण तुमची टॅली दुकानातल्या कॉम्प्युटरवर असेल तर रात्री दुकान बंद, कॉम्प्युटर बंद, खिडकी बंद. टॅली बाहेरचे निरोप एक्सएमएल साच्यात घेते, साधारणपणे ९००० क्रमांकाच्या पोर्टवर, पण त्यासाठी ती उघडी असावी लागते. रात्री अकराची ऑर्डर कुठे थांबणार? सकाळी कोण आत घेणार? "आपोआप होईल" हे उत्तर मान्य करू नका.

*तोच निरोप दोनदा आला तर?* पेमेंट झालं की गेटवे तुमच्या वेबसाइटला स्वतःहून कळवतो, याला वेबहुक म्हणतात. पोचपावती वेळेत मिळाली नाही तर तो पुन्हा कळवतो. त्याचं बरोबरच आहे. पण तुमच्याकडे दोन पावत्या फाटल्या तर? प्रत्येक निरोपाचा क्रमांक जपून ठेवायचा आणि तोच क्रमांक परत आला तर "मिळालाय" म्हणून सोडून द्यायचा, एवढी व्यवस्था हवी.

*चाचणी कुठे करणार?* बहुतेक गेटवेंना चाचणीची वेगळी खिडकी आणि वेगळी की असते. खऱ्या गिऱ्हाइकावर प्रयोग नको.

*किल्ली कोणाच्या नावावर?* खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर. एपीआय की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची नाही. डेव्हलपर उद्या नोकरीला लागून बंगळुरूला गेला तर गल्ल्याची चावी त्याच्या खिशात राहायला नको.

"सर, हे मोठ्या कंपन्यांचं काम"

मोठ्यांनी काय केलं तेच बघू. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस घ्या. १ ऑक्टोबर २०२० ला ते ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं, मग टप्प्याटप्प्याने मर्यादा खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वरच्यांना. देशभरात हजार प्रकारची सॉफ्टवेअर. सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घ्या असं सरकार म्हणालं नाही. त्यांनी आधी फॉर्म ठरवला, आयएनव्ही-०१ नावाचा. कुठले रकाने, कुठला सक्तीचा, तारीख कशी लिहायची. सॉफ्टवेअर कुठलंही वापरा, रकाने हेच.

आणि दुहेरी नोंदीचा बंदोबस्त बघा. विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर, या चार गोष्टींवरून ६४ अक्षरांचा एक क्रमांक तयार होतो. तेच बिल परत पाठवलं तर तोच क्रमांक होणार, म्हणून ते नाकारलं जातं. यात जादू काही नाही. ओळख कशावरून पटवायची हे आधी ठरवलं, एवढंच. मग जे सरकारला आधी कागदावर करावं लागलं, ते तुम्हा-आम्हाला का टाळता येईल?

मग जोडायचं कधी?

इथे काही जण माझ्याशी भांडतील, भांडा. माझं मत असं की नवीन उद्योजकाने पहिल्या दिवशी काहीच जोडू नये. दिवसाला पाच-दहा ऑर्डर असतील तर हाताने नोंदवा. हाताने करताना धंद्याचे कानेकोपरे कळतात. कोण अर्धा बॉक्स मागतं, कोण माल परत पाठवतं, कोण आगाऊ पैसे देतं. हे सगळं उद्या रकाने होणार आहेत. जे हाताने कधी केलं नाही ते मशीनला काय सांगणार?

जोडलं नाही म्हणून तुम्ही मागासलेले ठरत नाही. पण रोज तासभर नुसती इकडची नोंद तिकडे करण्यात जायला लागला, किंवा थकल्यामुळे चुका व्हायला लागल्या, की वेळ आली समजा. तेव्हा तयार जोडणीचं पॅकेज घ्या नाहीतर डेव्हलपरकडून करून घ्या. दोन्हीकडे पहिला प्रश्न हाच येणार: "यादी द्या."

मसाल्याच्या ताईंनी नंतर काय केलं? दोन रात्री बसून सगळ्या मालाची शीट केली. करताना त्यांना कळलं की लोणचं मसाल्याला तीन ठिकाणी तीन नावं आहेत आणि एका पाकिटाची किंमत गेल्या वर्षीचीच राहिलीय. म्हणजे जोडणीआधीच फायदा झाला! त्यानंतर त्यांनी एकदम सगळं न जोडता फक्त ऑर्डर आत घ्यायची खिडकी सुरू केली. पहिला महिनाभर रोज संध्याकाळी गोदामातला स्टॉक आणि स्क्रीनवरचा स्टॉक स्वतः ताडून बघितला. चार दिवसांची ती दिवाळी परत आली नाही, पण आता "माल संपला" ची पाटी माल खरंच संपल्यावर लागते.

आजचा गृहपाठ

आज रात्री दुकान बंद केल्यावर अर्धा तास काढा. सगळा माल नको, फक्त सगळ्यात जास्त खपणारे दहा आयटम घ्या. कोड, नाव, मूळ माप, बॉक्समध्ये किती, किंमत, कर आत की बाहेर, "खरं कुठे". एवढे सात रकाने. मग आजचीच एक खरी ऑर्डर घ्या आणि बोट ठेवत ठेवत शेवटपर्यंत न्या: वेबसाइट, पैसे, बिल, स्टॉक. जिथे तुमचं बोट अडेल, "हे मला माहीत आहे पण इथे लिहिलेलं नाही" असं जिथे वाटेल, तिथे खूण करा.

त्या खुणा घेऊन डेव्हलपरकडे जा. काम लवकर होईल, पैसे कमी लागतील आणि तो तुम्हाला घाबरून राहील ते वेगळंच!

शीट भरताना कुठे अडलात तर विचारा, पुढच्या व्हिडिओत तुमच्याच उदाहरणावर बोलू. तोपर्यंत यादी करा, धंदा वाढवा. भेटूच!